छत्तीस नंदी

सिंदी (रेल्वे) हे माझं गाव. ज्याच्या नावातच कंस, त्या गावात गणितज्ञ निपजला तर नवल काय! पण गावाला ते पटत नाही. मी विद्यापीठात लॅटिन चौरसांवर संशोधन करतो: आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच. "पेपरात येते ते सुडोकू? त्याचा पगार देतात तुले?" शेजारचे काका चकित. पीएच.डी. झाली, शोधनिबंध छापून आले, आई अजून पाहुण्यांना सांगते, "बँकेची परीक्षा देणार होता, राहूनच गेलं."

मग तान्हा पोळा आला, पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण. आमच्याकडे त्याचं प्रस्थ मोठं. पोरं बोजाऱ्यासाठी, म्हणजे नंदी दाखवून मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी हपापलेली आणि मोठी माणसं कोणाचा नंदी पुढे, यावरून हमरीतुमरीवर. समितीच्या अध्यक्षांनी मला गाठलं.

"सहा मोहल्ले. प्रत्येकाचे सहा मापांचे सहा नंदी. सहा बाय सहा लाव. कोनत्याही आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक मोहल्ला एकदा, प्रत्येक माप एकदा. मंग कोनाची कटकट नाही. तू गनितवाला, तुले काय कठीन!"

माझ्या अंगावर काटा आला. गावानं जन्मात पहिल्यांदा माझ्या विषयातलं काही विचारलं, आणि विचारला तो नेमका गणितज्ञ ऑयलरचा ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न! सहा पलटणी, सहा हुद्दे. १७८२च्या निबंधात ऑयलरला वाटलं, हे होणे नाही. १९०१पर्यंत गॅस्टन टॅरींनी सगळ्या शक्यता तपासून ते सिद्धच केलं.

"काका, हे जमत नाही."

"घे ना टाइम. पोळा उद्या आहे."

"कोणालाच जमणार नाही! पाच मोहल्ले असते तर जमलं असतं. सात चालतील. दहासुद्धा! दहालाही जमणार नाही असं ऑयलर म्हणाला होता. आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजातल्या श्रीखंड्यांनी बोस आणि पार्कर यांच्यासोबत १९५९ साली त्याला खोटं पाडलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती!"

"बरं. मंग कोनता मोहल्ला काढू, सांग."

सहाही मोहल्ल्यांची माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी टॅरींचा मुद्दा पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितला.

शेवटी बँडवाल्यानं लहान पुढे, मोठे मागे असे नंदी उभे केले. कोणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या पोळ्याला समितीनं मला पाण्याच्या टँकरचं काम दिलं. तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.