विषय दुय्यम, पोट मुख्य

अमेरिकेतल्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या जोडीला पुतण्याने ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ हा मायनर घ्यायचं म्हटलं, की तिथल्या मराठी काकांचा चेहरा उतरतो. ‘घर चालवायला कसला आलाय अभ्यास?’ हेच काका क्रेडिट कार्डाची किमान रक्कम इमानेइतबारे भरतात आणि उरलेल्या रकमेवर व्याज कसं चढलं, याचं दरमहा नव्याने आश्चर्य करतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव साखरेचं असलं तरी काकांच्या लेखी तो पौष्टिक नाश्ताच!

या विषयाचा पाया घालणाऱ्या एलेन स्वॅलो रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञ होत्या. १८७३ साली एमआयटीची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पिण्याच्या पाण्यापासून अन्नातल्या भेसळीपर्यंत सगळं त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं. पण विज्ञानाला फोडणीचा वास लागला, की त्याची पत घसरते म्हणे.

अखेर काकांनी परवानगी दिली, एका अटीवर: ‘लग्नाच्या बायोडेटात मात्र हे लिहू नकोस. मुलीकडच्यांना वाटेल, तुला घरातलं काही येतं.’