थेंबही आत जाणार नाही

मोसमी वारे अंदमानात पोचल्याची बातमी आली की पुण्यातल्या एका विशिष्ट जातीच्या माणसाच्या हाताला खाज सुटते. वय तिशी-पस्तिशीचं, नोकरी हिंजवडीत नाहीतर खराडीत, पार्किंगमध्ये साडेतीनशे सीसीची गाडी, आणि कपाटात मागच्या पावसाळ्यांतले ग्लोव्हजचे दोन-तीन जोड, प्रत्येकावर स्वतंत्र राग. रेनकोट त्याने दुकानात पहिला दिसला तो घेतला. फ्लॅटसुद्धा त्याने दोनदा बघून नक्की केला. पण पावसात गाडी चालवायचे ग्लोव्हज म्हटले की त्याची चौकशी मे महिन्यात सुरू होते आणि गणपती येऊन गेले तरी संपत नाही. लोक त्याला हौशी म्हणतात, बायको रिकामटेकडा म्हणते. दोन्ही अन्यायाचं आहे. तो खरोखर अभ्यासू माणूस आहे, त्याची बहुतेक माहिती बिनचूक असते, आणि तरीही ताम्हिणीहून परतताना त्याची बोटं दर वर्षी सुरकुतलेलीच असतात. माझं म्हणणं एवढंच, की हे माहिती कमी पडल्यामुळे होत नाही. त्याने जमवलेली माहिती दुसऱ्या देशाच्या हवेची आहे, आणि ती इथे लावताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: हात कोरडा ठेवायचा तो नेमका कशासाठी?

आधी त्याच्या विद्वत्तेला मान दिला पाहिजे. त्याच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट असतं, आणि त्यातले रकाने पाहिले की एखाद्या धरणाच्या निविदांची छाननी चालली असावी असं वाटतं. मोटरसायकलच्या ग्लोव्हजसाठी युरोपात ईएन १३५९४ नावाचं मानक आहे, त्यातल्या पहिल्या पातळीच्या ग्लोव्हचा तळवा घासणीच्या यंत्रावर सरासरी ४ सेकंद टिकावा लागतो आणि दुसऱ्या पातळीचा ८ सेकंद, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. लेबलावर केपी ही अक्षरं असली तर बोटांच्या सांध्यांवरचं कवच आघाताच्या चाचणीतून गेलेलं आहे, हे त्याला ठाऊक असतं. नोव्हेंबर २०१६ पासून फ्रान्समध्ये प्रमाणित ग्लोव्हजशिवाय मोटरसायकल चालवली तर दंड होतो, ही बातमी तो अशा सुरात देतो की शेजारी बिनहेल्मेटचा उभा असलेला पुणेकरही क्षणभर ओशाळावा. मात्र त्याचा खरा जीव मेंब्रेनमध्ये. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणायची सोडून एका झटक्यात खेचली, ती तुटण्याऐवजी लांबली, आणि त्यातून पुढे असंख्य सूक्ष्म छिद्रांचा तो पातळ पडदा आला, ज्यातून पाण्याचा थेंब जात नाही पण घामाची वाफ जाते. ही कथा तो सत्यनारायणाच्या पोथीइतक्या भक्तीने सांगतो, आणि ऐकणारा मध्येच उठला तर तितकाच दुखावतो.

हे सगळं डोक्यात घेऊन तो नाना पेठेत जातो. तिथला दुकानदार क्लच वायरी आणि सीट कव्हरं विकता विकता शहाणा झालेला असतो. ‘एक नंबर माल आहे साहेब, थेंबही आत जाणार नाही,’ असं म्हणत तो काळा जोड काउंटरवर टाकतो. ‘मेंब्रेन कोणतं?’ ‘सगळं आहे साहेब त्यात.’ ‘आत सुटं इन्सर्ट आहे, की बाहेरच्या कापडाला चिकटवलंय?’ यावर दुकानदार पोऱ्याला चहा सांगतो. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. बहुतेक वॉटरप्रूफ ग्लोव्हजमध्ये मेंब्रेनची एक मोज्यासारखी पिशवी बाहेरचं आवरण आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये बसवलेली असते. पाणी तिच्याशी येऊन थांबतं हे खरं, पण तोवर बाहेरचं आवरण चिंब झालेलं असतं. जोड घरी आला की बादली-परीक्षा होते: ग्लोव्ह हातात चढवून तो बादलीत हात बुडवून बसतो आणि मोबाइलवर वेळ लावतो. आई दारात येऊन म्हणते, ‘अरे, भांडी घासायचे रबरी मोजे देऊ का? त्यातनं नाही बाई पाणी जात.’ तो दयार्द्र हसतो. (त्या वाक्यात या लेखाचं निम्मं उत्तर आहे, पण त्याच्याकडे पुढे येऊ.) बादलीत ग्लोव्ह पास होतो, कारण बादलीत हात निवांत असतो. रस्त्यावर तीच बोटं तासन्‌तास क्लच दाबतात, सोडतात, शिवणीवर ताण येतो, वारा साठच्या वेगाने पाणी मनगटाशी ढकलतो, आणि ज्या तोंडातून हात आत गेला त्याच तोंडातून पाणीही जातं. तिथे कुठलंही मेंब्रेन नसतं.

आता मूळ मुद्दा. वाफ मेंब्रेनमधून बाहेर पडते ती आत-बाहेरच्या वाफेच्या दाबातल्या फरकामुळे. आत तळहाताशी उबदार, दमट हवा. बाहेर थंड हवा, जिच्यात भिजूनही फारशी वाफ मावत नाही. समजा, त्याचा आतेभाऊ म्युनिकला असतो आणि येताना तिथला उत्तम टूरिंग जोड घेऊन येतो (स्वतः आतेभाऊ तिकडे रेल्वेने फिरतो, ही गोष्ट वेगळी). ऑक्टोबरातल्या म्युनिकच्या पावसात तापमान आठेक अंशांवर असलं तर हा जोड दिलेला शब्द पाळतो. आता तोच जोड जुलैत ताम्हिणी घाटात आणा. तिथे बावीसेक अंश, सगळीकडे धुकं. बावीस अंशांच्या त्या चिंब हवेत आठ अंशांच्या चिंब हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट वाफ आधीच ठासलेली आहे. आतल्या घामाला बाहेर जायची घाई राहत नाही. त्यात बाहेरचं आवरण पाण्याने माखलेलं, म्हणजे होती ती दारंही लिंपली गेली. शिवाय त्या ओल्या आवरणावरचं पाणी वाऱ्याने उडत राहतं आणि उडताना हाताची ऊब घेऊन जातं. म्हणजे पाण्याचा थेंबही आत गेला नाही हा दुकानदाराचा दावा खरा ठरूनही हात ओला आणि गार. आपला गृहस्थ मात्र यातून एकच निष्कर्ष काढतो, की मेंब्रेन खोटं असणार.

या जोडाची खरी परीक्षा घाटातल्या टपरीवर होते. कांदाभजी ग्लोव्हज घालून खाता येत नाहीत, हा नियम कुठल्याही मानकात नसला तरी अटळ आहे. ओला हात उपसला की अस्तराची बोटंही हाताबरोबर उलटी होऊन बाहेर येतात आणि परत जागेवर बसत नाहीत. मग बाकीची मंडळी दुसरा चहा घेईपर्यंत हा करंगळीच्या पोकळीत पेन घालून अस्तर ढकलत बसतो. तर्जनीच्या टोकावर फोन चालण्यासाठी लावलेलं खास कापड ओल्या स्क्रीनवर काहीच करत नाही. डाव्या बोटावरची व्हायझर पुसायची रबरी पट्टी तेवढी खरंच कामाची, आणि तिच्याबद्दल त्याच्या शीटमध्ये एक अक्षर नसतं. बाही ग्लोव्हच्या आत की ग्लोव्ह बाहीच्या आत, या वादात तो टपरीवाल्यालाही ओढतो. उत्तर खरं तर गाडीवर अवलंबून आहे: पुढे वाकून चालवायच्या गाडीवर मनगट कोपराच्या खाली जातं, तेव्हा बाही वरून हवी, नाहीतर दंडावरचं सगळं पाणी हातात जमा होतं, हात कोपराच्या वर राहत असेल तर उलट. पण गाडी बदलली की उत्तर बदलतं असलं ज्ञान शीटच्या रकान्यात बसत नाही.

कोणी म्हणेल, चेष्टा सोपी आहे, पण गार पडलेल्या बोटांना ब्रेकची कड कळत नाही, म्हणून कोरडेपणा हीच सुरक्षितता. हा आक्षेप खरा आहे. महाबळेश्वरला जुलैत दिवसाही तापमान वीस अंशांच्या आसपास असतं, त्यात ओला हात आणि वारा, म्हणजे तासाभरात बोटं लाकडी होतात. पण या युक्तिवादाने सिद्ध होते ती उबेची गरज, कोरडेपणाची नव्हे, आणि त्याने निवडलेले जाड अस्तराचे, आतल्या आत सरकणाऱ्या थरांचे ग्लोव्हज ब्रेकच्या कडेची जाणीव तेवढ्याच हमखास बोथट करतात. तेही रस्त्यावर टायरची पकड सगळ्यात कमी असताना. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: मुळशीकडून पहाटे किटल्या बांधून येणारा दूधवाला हाताला दुधाच्याच पिशव्या गुंडाळून वर्षानुवर्षं गाडी चालवतो, मग एवढा खटाटोप हवा कशाला? तर, दूधवाल्याचा हात कोरडा राहतो हे मान्य, पण तो पडला तर पिशवी काही करणार नाही. माणूस गाडीवरून पडताना आधी तळहात टेकतो, आणि त्या धक्क्याने मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं. त्या हाडाला रक्त उलट्या बाजूने पोचतं, त्यामुळे ते जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही. तळव्याच्या टाचेवर लावलेली कडक, गुळगुळीत चकती हात रस्त्याला अडकू न देता घसरवते आणि नेमका हाच धोका कमी करते. आपल्या विद्वानाच्या शीटमध्ये ही चकती शेवटून दुसऱ्या रकान्यात असते, रंगाच्या जरा आधी. पाऊस दर शनिवारी पडतो आणि स्वतःचं पडणं डोळ्यांसमोर आणवत नाही, म्हणून तो पावसाचाच अभ्यास करतो. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. पूर्वी इथे पावसाळी ग्लोव्हज म्हणजे फुटपाथवरचे लोकरीचे मोजे; आज देशी कंपन्या युरोपीय प्रमाणपत्राचे जोड बनवतात, ते दुकानात उभं राहून छळणाऱ्या अशाच गिऱ्हाइकांमुळे.

मग घ्यायचं काय? सह्याद्रीच्या पावसासाठी माझ्या मते कुठलंही मेंब्रेन नसलेला, तळव्यावर चकती आणि सांध्यांवर कवच असलेला, मनगटाला घट्ट पट्टा असलेला, बोटांना चपखल बसणारा साधा जोड. कातड्यापेक्षा जाळीदार कापडाचा बरा. कातडं पावसाळाभर वाळत नाही आणि ऑगस्टपर्यंत त्यावर बुरशी धरते. तो भिजणार, भिजू द्यावा. रात्री पंख्याखाली टांगला की सकाळी घालण्याजोगा होतो. आणि घाट चढायच्या आधी आत दवाखान्यात वापरतात ते पातळ नायट्रिलचे मोजे घालावेत. हात घामाने ओलसर होईल, पण वाऱ्यावर उडायला बाहेरचं पाणी कातडीपर्यंत येणार नाही, म्हणून ऊब टिकेल, आणि ब्रेकही बोटाला कळेल. आईने भांड्यांच्या मोज्यांबद्दल सुचवलं ते तत्त्वतः हेच. हे सगळं तो शांतपणे ऐकतो, वाफेच्या दाबाचं गणित एकदा स्वतः करून पाहतो, पटल्याचं कबूल करतो, आणि मग शीट उघडून एक नवा रकाना पाडतो: ‘आतला मोजा’. नायट्रिलची जाडी मिलमध्ये मोजतात, मोजे पावडरचे आणि बिनपावडरचे असे दोन प्रकारचे येतात, आणि वैद्यकीय कामाचे वेगळे नि गॅरेजवाल्यांचे वेगळे, हे त्याला त्याच रात्री कळतं.