आमचे येथे चॉकलेट मिळेल

घरी चॉकलेट करू लागलेल्या माणसाची चाल बदलते. जिन्यात कोणी 'काय चाललंय?' विचारलं, की पूर्वी मी 'निवांत' म्हणायचो. आता जरा थांबून, घड्याळाकडे बघत, 'चॉकलेटच्या गडबडीत आहे' म्हणतो.

गडबड अशी : कंपाउंड चॉकलेटची लादी चिरायची, गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायची, सिलिकॉनच्या साच्यात ओतायची, वर रंगीत स्प्रिंकल्स भुरभुरायचे आणि साचा फ्रिजमध्ये ठेवायचा. झालं. खरं चॉकलेट नखरेल. त्यातलं कोकोआ बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि पुन्हा गोठताना तापमान नीट सांभाळलं नाही, तर अंगावर पांढरट डाग आणतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे ते बिचारं कोणाच्याही हातून होतं. वैर फक्त पाण्याशी. चार थेंब पडले, की त्यातली साखर पाणी धरते आणि अख्ख्या भांड्याचा गोळा होतो. म्हणून मी कामात असताना ओट्याजवळचा नळ सोडायचा नाही, असा नियम मी केला आहे. तो पाळला जात नाही. पण केला आहे.

आता स्प्रिंकल्स. यातली गोल मंडळी आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्या गोत्रातली. मधे एक दाणा, त्यावर साखरेचे थरावर थर. कारखान्यात त्यासाठी फिरतं पिंप असतं. आमच्याकडे आईची बोटं होती. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमच्याने थोडासा पाक, की लगेच बोटांनी हलवणं. दाणे सुकले, की पुन्हा पाक. दुपारच्या दुपार. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, निखारा भडकला तर साखर पिवळी पडते आणि हवा ढगाळ असली तर काटा येतच नाही. येतो तेव्हा मात्र एकाएकी येतो आणि आई त्या दिवशी कोणालाही रागवत नसे. खसखशीचा बारीक हलवा नव्या सुनांच्या दागिन्यांना, तिळाचा वाटायला, शेंगदाण्याचा बोरन्हाणात लुटायला. मला परातीजवळ यायची बंदी होती, कारण मी दाणे मोजण्याच्या नावाखाली कमी करायचो.

एवढं करून तो हलवा बिननावाच्या स्टीलच्या डब्यातून गावभर जायचा. डबा परत यावा, एवढीच तिची अपेक्षा. डब्याबरोबर निरोप यायचा, 'अगदी विकतच्यासारखा झालाय हो!' आणि ती खूश व्हायची. मला मात्र त्या वाक्याचा अजून राग येतो. बोटांची टोकं भाजून हुळहुळी व्हायची तिची, आणि शाबासकी कुठल्याशा दुकानाच्या पदरात!

हेच वाक्य परवा शेजारच्या वहिनी माझं चॉकलेट तोंडात टाकून म्हणाल्या. राग यायला हवा होता. मी 'आणखी एक घ्या' म्हणालो.

सध्या डब्यांवर चिकटवायच्या सोनेरी स्टिकरचं चाललं आहे. माझं नाव, खाली 'निर्माते'. नमुना बायकोला दाखवला. चष्मा लावून तिने तो नीट वाचला.

"अहो, छान आहे. फक्त 'निर्माते'च्या जागी 'वितळवणारे' करून घ्या."

छापणाऱ्याकडे चौकशी केली. अक्षरं वाढल्यामुळे टाईप बारीक करावा लागेल म्हणतो. माझ्या नावाचा नाही, खालच्या ओळीचा. मग हरकत नाही.