अख्खं रेशनकार्ड बोटीवर

क्रूझ ठरवायची म्हटली की लोक आधी नकाशा उघडतात. माझं म्हणणं, नकाशा राहू द्या, रेशनकार्ड काढा. जहाज कुठं जातंय हे गौण. जहाजावर कोण कोण जातंय, त्यावर सगळी सहल तरते नाहीतर बुडते. (बुडण्याचा उच्चार त्या काळात आमच्या घरी नानांनी बंदच केला होता.)

आमची मंडळी अशी. आई मालवणची, पंचाहत्तरी ओलांडलेली, ताटात मासा नसेल तर आपण जेवलो हे मान्य न करणारी. नाना म्हणजे माझे सासरे. अकोल्याचे, वीज मंडळातून निवृत्त, माळकरी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक. समुद्र त्यांनी आजवर गिरगाव चौपाटीच्या कठड्यावर बसून, तोही त्याच्याकडे पाठ करून शेंगदाणे खाताना पाहिलेला. बायकोला निसर्ग हवा होता. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाय-फाय हवं होतं. मुलाला घसरगुंडी हवी होती आणि ती समुद्रावर असली काय, महापालिकेच्या बागेत असली काय, त्याची काही हरकत नव्हती. मला फक्त खर्चाचा आकडा आधी कळायला हवा होता. हीच मागणी सर्वांत अवास्तव ठरली.

सल्ला द्यायला न्यू जर्सीचा मेव्हणा होता. त्याच्या घराजवळच्या बेयॉन गावात केप लिबर्टी नावाचं बंदर आहे आणि तिथून बर्म्युडाला जहाजं सुटतात, म्हणून तो स्वतःला दर्यावर्दी समजतो. त्यानं 'आयकॉन ऑफ द सीज'चे फोटो पाठवले. २०२४ पासून मायामीहून सुटणारं जहाज, वीस मजले, ३६५ मीटर लांब, पोटात साडेसात हजार प्रवासी मावतात. "टायटॅनिक फक्त २६९ मीटर होती," अशी पुस्तीही त्यानं जोडली. नानांनी चष्मा काढला आणि तो विषय तिथेच संपला.

बायकोचा अर्ज अलास्काचा होता. हिमनदी कडाड् करून समुद्रात कोसळते आणि लोक गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवतात, असा व्हिडिओ तिनं पाहिला होता. पण यातली बरीच जहाजं व्हँकुव्हरहून सुटतात, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवा आणि कॅनडाचाही. "बर्फ पाहाले दोन देशाइची परवानगी?" नाना म्हणाले. "फ्रीज उघडाले तर एकाचीही लागत नाही."

मग भूमध्य समुद्र आला. पत्रिकेत एका ओळीत बार्सिलोना, मार्सेय, रोम. रोममध्ये समुद्र कसा, अशी शंका आईला आली आणि ती रास्त होती. जहाज लागतं ते चिवितावेकिया नावाच्या बंदराला; तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. सकाळी उतरायचं, बसमध्ये बसायचं, कलोसियमला प्रदक्षिणा घालायची आणि संध्याकाळी भोंगा व्हायच्या आत परत यायचं. फ्लॉरेन्सचंही तसंच, त्याचं बंदर लिव्होर्नो. कोकणात बसनं जाणाऱ्या माणसाला एवढ्या पैशात पुन्हा बसच विकायची, याला धाडस लागतं.

नाईलवर माझं मन बसलं होतं. लक्झर ते आस्वान, वाटेत एडफू आणि कोम ओम्बोची देवळं, दोन्ही काठ सतत दिसतात, बोट लागायची भीती जवळजवळ नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोयीची क्रूझ मला तरी दिसत नाही. ॲगाथा ख्रिस्तीनं तिथल्या बोटीवर १९३७ साली पुस्तकात खून पाडले, एवढाच काय तो तिला बट्टा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "न्हंयतले मासे खातलंव?"

"अगं, असतील तेच."

"चिखलाचो वास येता त्येंका," ती म्हणाली आणि फारोंचं अख्खं साम्राज्य निकालात निघालं.

सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाणारं जहाज मुलांच्या दृष्टीनं आदर्श होतं. घसरगुंड्या भरपूर, वाय-फाय विकत का होईना मिळतं. ते ठरलंच होतं. मग पासपोर्ट गोळा केले, तेव्हा आईचा पासपोर्ट कधी काढलाच नव्हता आणि नानांचा संपून वर्षं झाली होती. निवड अशी होते. चार महिने चर्चा करून जे ठरत नाही ते एका कपाटाच्या खणानं ठरवलं: मुंबईहून सुटणारं, गोवा-लक्षद्वीप करून मुंबईत परतणारं देशी जहाज.

पुढचा प्रश्न खोल्यांचा. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं, पण एका खोलीत दोघं धरून. एकट्यानं खोली घेतली तर भाडं जवळजवळ दोघांचं पडतं. शिवाय बंदराचे आकार वेगळे, कर वेगळा आणि टीप आधीच माणशी, रात्रीच्या हिशेबानं बिलात लावलेली. नानांनी टीपेला हरकत घेतली. "सेवा व्हायच्या आधीच बक्षिशी? आमच्या मंडळात याले दुसरं नाव होतं." सर्वांत स्वस्त खोल्या आतल्या बाजूच्या, त्यांना खिडकीच नसते. "खिडकी नाही त खोलीचे पैसे कायचे?" हाही प्रश्न त्यांचाच. आईला खिडकीचं काही नव्हतं. तिनं जहाजाचा आराखडा मागवला, चष्मा लावला आणि मधल्या भागातल्या खालच्या मजल्यावर बोट ठेवलं. "हय घे. नाळेक झोपशात तर रातभर उडत रवशात." बुकिंगवाल्या मुलीनं आदरानं मान डोलावली. जहाज मध्यावर आणि खाली सर्वांत कमी हलतं, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आई ते भाऊच्या धक्क्यावरून शिकली होती.

कारण आमच्या घरात क्रूझ केलेलं माणूस एकच होतं आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. कोकण रेल्वे नव्हती, घाटातून एसटीनं हाडं खिळखिळी व्हायची, त्या काळात मुंबई-मालवण म्हणजे आगबोट. 'रोहिणी', 'चंद्रावती', पुढे 'कोकण सेवक'. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत बोट गोव्याकडे जायची आणि पावसाळ्यात सेवा बंद. ज्यांना परवडेल ते वरच्या तुतकावर, बाकीचे खाली फाळक्यात, ट्रंका, वळकट्या, कोंबड्या आणि ओकणाऱ्या पोरांच्या मधोमध. आई फाळक्यातली. त्यामुळे बॅलार्ड पिअरला गालिचावरून चालत जाऊन लिफ्टनं खोलीकडे जाताना ती जी गप्प झाली, ती आश्चर्यानं असं आम्हांला वाटलं. खोलीत शिरल्यावर ती म्हणाली, "ह्यां काय, बोट वाटणाच नाय."

जहाज सुटायच्या आधी कवायत असते. भोंग्याचे सात छोटे आवाज, एक लांब. तो ऐकला की आपापल्या ठिकाणी जमायचं. टायटॅनिकवर बावीसशेच्या आसपास माणसं आणि होड्यांतून जागा अकराशे अठ्ठ्याहत्तर, त्या धड्यातून १९१४ साली जगानं जहाजांच्या सुरक्षिततेचा करार केला, ही माहिती नानांनी रांगेतल्या एका गुजराती कुटुंबाला सविस्तर दिली. शब्दावरची बंदी फक्त घरापुरती होती, असं दिसलं. ते कुटुंब नंतर आम्हांला टाळत असे.

खांदेरीचा दिवा दिसेपर्यंत सगळे डेकवर उभे होते. "कान्होजी आंग्र्यांचा," असं मी मुलाला सांगायला तोंड उघडलं, तर तो घसरगुंडीवर होता. मुलगी इंटरनेटचं पॅकेज विकत घ्यायला गेली होती. बायको खोलीत आडवी, कारण निसर्ग हलायला लागला होता. आईनं पिशवीतून आलेपाकाची वडी काढून तिच्या तोंडात घातली. माझ्याही घातली. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

आता एकादशी. ती प्रवासाच्या मधोमध येते हे पंचांगात नानांनी आधीच पाहिलं होतं, पण जहाजावर जैन जेवण मिळतं असं पत्रकात ठळक छापलेलं, त्यामुळे ते निर्धास्त होते. सात्त्विक म्हणजे सात्त्विक. सकाळी ताटली घेऊन ते जैन विभागापुढे उभे राहिले. तिथे पोळी होती, भात होता, डाळ होती, कोबी होता. म्हणजे उपासाला चालणार नाही असं सगळं होतं. आणि बटाटा, रताळं, ज्यांच्यावर महाराष्ट्रातला उपास उभा आहे ती जमिनीखालची सगळी मंडळी, नेमकी तिथे वर्ज्य. दोन धर्मपरायण समाजांनी आपापसात ठरवून नानांना उपाशी ठेवल्याचा तो देखावा होता. आचारी बिचारा समजूतदार. त्याला वाटलं आजोबांना जैनांहून कडक काही हवंय, म्हणून त्यानं मीठही काढून टाकण्याची तयारी दाखवली. अखेर वेटर धावला, गोव्याचा मुलगा. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरी करणारी घरं आहेत, तारवटी म्हणतात त्यांना. हा तशाच घरातला असावा, कारण त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मांसाहारी भटारखान्याच्या शेजारून न नेता, निराळ्या भांड्यात उकडलेले बटाटे, जिरं, तूप आणि दाण्याचं कूट घेऊन आला. नानांनी त्याला टीप देऊ केली. मग ती आधीच बिलात लावल्याचं आठवून परत खिशात ठेवली.

त्याच मुलानं रात्री आईला वाचवलं. निदान सत्य तरी सांगितलं. मेनूवर भलंमोठं नाव असलेला मासा होता, वर लिंबाची चकती, बाजूला दोन फरसबीच्या शेंगा. आईनं एक घास घेतला, तुकडा उलटा केला, काट्यानं टोचला.

"हो मासो समुद्राचो नाय."

"आई, चारी बाजूंना समुद्र आहे."

"बाजूक आसा. ताटात नाय."

मुलाला बोलावलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून हळूच म्हणाला, "बासा, आजी."

"खंयचो?"

"व्हिएतनाम. मेकाँग नदी."

अरबी समुद्राच्या मध्यावर, पायाखाली बांगडे, सुरमई आणि कुपे मोकाट फिरत असताना, बर्फात गोठवून आणलेला न्हंयतला मासा. आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत नाईलही होती.

गोव्यात ती उतरलीच नाही. मालवणच्या माणसाला गोवा म्हणजे शेजार. लक्षद्वीपला मात्र उतरायचंच होतं. अगत्तीच्या भोवती प्रवाळाचं कडं आहे, मोठं जहाज आत जात नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि बेटावरचे लोक होड्या घेऊन येतात. जहाजाच्या बाजूला एक दार उघडलं. खाली होडी, ती हातभर वर, हातभर खाली. दोघं खलाशी हात पुढे करून उभे. मुलगी मागे सरकली. बायकोनं डोळे मिटले. नाना म्हणाले, "मी इथूनच पाहातो बेट. चांगलं दिसते."

आईनं पदर खोचला. मालवणला बोट किल्ल्याच्या बाहेर उभी राहायची आणि तिथून पडावातून किनारा गाठायचा. लहानपणापासून तिनं ते केलेलं. लाट चढू दिली, होडी दाराशी आली त्या क्षणी पाऊल टाकलं आणि फळीवर बसूनही घेतलं. खलाशाचा हात हवेतच राहिला. मग तिथून हुकूम सुटायला लागले.

"लाट वर इली काय पाय टाक. खाली बघू नको. व्याहीबुवा, तुमी बघू नकात, तुमी माझ्याकडे बघा. आता! आता नाय, गेली. आता!"

नाना आले. कसे आले ते त्यांनाही सांगता आलं नाही, पण चप्पल दोन्ही पायांत होती. होडीतल्या पुण्याच्या दोन कुटुंबांनी मग आईचाच इशारा घ्यायला सुरुवात केली आणि होडीवाला तांडेल तोंडातलं पान सांभाळत हसत बसला. बेटावर निळ्या पाण्यात सगळे पोहले, प्रवाळ पाहिले, ते सर्वांच्या फोनमध्ये आहेच. आई होती किनाऱ्यावरच्या बायकांमध्ये. भाषा मल्याळमच्या वळणाची, हिचं मालवणी. तरी तासाभरानं ती पिशवीत वाळवलेल्या कुप्याचा पुडा घेऊन परत आली आणि किंमतही पाडून आली होती.

परतीच्या आदल्या रात्री बिल दाराखालून सरकलं. नानांनी ते रात्रभर तपासलं. आमच्यात सर्वांत कमी खर्च त्यांचा निघाला आणि सर्वांत जास्त मुलाचा. त्यानं खोलीचं कार्ड दाखवून थंड पेयं घेतली होती आणि ती फुकट असतात असं इतर मुलांनाही सांगितलं होतं.

उतरताना टॅब्लेटवर अभिप्राय घेत होते. मुलगी प्रश्न वाचत होती, आई उत्तरं देत होती. जेवण? आईनं पाचपैकी पाच तारे द्यायला सांगितले. आम्ही थक्क. "आयता मिळाला," ती म्हणाली. "एक भांडा घासूक लागला नाय." खास उल्लेख कुणाचा करावासा वाटतो? "बांगडे," आई म्हणाली. पुढे ते मिळाले नाहीत वगैरे बरंच होतं, पण मागे रांग लांबली होती. मुलीनं तेवढंच लिहिलं आणि बटण दाबलं.

आठवड्यानं ईमेल आलं. आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल कंपनी आभारी आहे. आपण केलेलं कौतुक श्री. बांगडे यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवलं जाईल.