हुपरीत जाऊन ‘लुप्त होत चाललेली कला’ कशी टिपावी

कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे. चांदीच्या पैंजणांमुळे ‘चंदेरी नगरी’ म्हणवून घेणारं गाव. तुमच्या कॅमेऱ्याने ते अजून पाहिलं नसेल, तर लगेच निघा. चांदीतलं काही कळत नाही म्हणून बिचकू नका. कळत नसलेलंच बरं, फोटो झटपट होतात.

१. आधी शीर्षक ठरवा, फोटो नंतर. ‘लुप्त होत चाललेली कला’ हे शीर्षक कधी वाया जात नाही. अडचण एकच, की इथे घरोघरी चांदीकाम चालतं आणि ज्याला त्याला ऑर्डर पोचवायची घाई असते. लुप्त होणाऱ्या माणसांनी एवढं कामात असणं बरं दिसत नाही. कोपऱ्यात एकटे बसलेले एखादे वयस्कर मामा शोधा.

२. मामांना जुनं करा. अंगात टी-शर्ट असेल तर तो उतरवायला लावा. मुंडासं आपल्या बॅगेतून न्यावं. गॅसचा बर्नर बाजूला सारून हातात फुंकणी द्या. कारखान्यात नसेल तर स्वयंपाकघरातली मागून आणा, फोटो स्पर्धेच्या परीक्षकांना फरक कळत नाही. पट्टी काढायच्या विजेच्या मशीनवर चादर टाका. आणि तो मोबाइल आधी उचला! त्यावर मामा चांदीचा आजचा भाव बघत असतात.

३. बूट काढू नका. उंबऱ्यापाशी चपला दिसतील, तिकडे काणाडोळा करा. इथली माती केरात जात नाही. कानशीचा कीस, तारेचे कण तिच्यात पडलेले असतात आणि झारेकरी ती धुऊन त्यातून चांदी काढतात. तुम्ही मात्र खोल नक्षीच्या तळव्यांचे बूट घालून चारही कोपरे फिरा. अँगल महत्त्वाचा.

४. डाग देताना गाठा. हा क्षण सोडायचा नाही. कडीच्या सांध्याला टाकणखार लावून डागाचा, म्हणजे सांधायच्या मिश्रधातूचा, बारीक तुकडा ठेवलेला असतो. उकाड्यातही पंखा बंद, कारण ज्योत हलून चालत नाही. कडी तापत जाते, तापत जाते, आणि एकाएकी डाग पाण्यासारखा चकाकून सांध्यात धावतो. ज्योत तिथल्या तिथे मागे घ्यावी लागते. जरा उशीर झाला की कडीचाच गोळा. मामांचा श्वास रोखलेला असतो. नेमका तेव्हा फ्लॅश मारा आणि म्हणा, “मामा, इकडं बघून हसा की!” गोळा झालाच, तर मनापासून हळहळा. चांदी परत आटवता येते, तिचं काही जात नाही. मजुरी किलोवर असते आणि तुमच्या फोटोंचं वजन भरत नाही, एवढंच.

५. आटणीला ‘वन्स मोअर’ मागा. चांदी ९६२ अंशांना वितळते, आणि मुशीतून साच्यात ओतायला काही सेकंदच लागतात. तेवढ्यात तुमचा फोकस कसा लागणार? पुन्हा ओतायला सांगताना संकोच करू नका. संगीत नाटकांत पूर्वी सर्रास चालायचं.

६. बायकांना फ्रेममध्ये घेऊ नका. पैंजणाला घुंगरू जोडायचं काम पुष्कळदा त्याच करतात, पण कुकरच्या शिट्ट्या मोजत, मालिका बघत, पोराचा अभ्यास घेत. यात ‘परंपरा’ दिसत नाही.

७. स्वतःला पुसा. सगळ्या धातूंत प्रकाश सर्वांत जास्त परत फेकते ती चांदी. पॉलिश झालेलं घुंगरू जवळून टिपलंत, की त्यात टोपी, बॅग आणि बुटांसकट तुम्ही उभे! अख्ख्या फोटोत न सजवलेलं तेवढंच असेल, म्हणून एडिटिंगला बसल्यावर आधी तेच काढा.

८. नाव विचारू नका. ‘एक वृद्ध कारागीर’ पुरतं. मजुरीचं तर काढूच नका, चहा गार होतो. निघताना मामा म्हणतील, “फोटो तेवढा धाडा बरं का.” नंबर घ्या, “पाठवतो की” म्हणा आणि गाडीला किल्ली लावा. पुढे बक्षीस मिळालं तर वाटणीची चिंता नको. फोटो तुमचाच, मामांचा त्यात फक्त चेहरा आहे.