कोपऱ्यावरच्या ब्रूनोचं पथ्यपाणी

"वहिनी, कळलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात ब्रूनोची भाकरी बंद झाली."

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. हातातला टॉवेल न झटकताच तारेवर टाकला आणि भिंतीपाशी आल्या. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी. बांधणाऱ्यानं हद्द दाखवायला बांधली, आम्ही कोपर टेकायला वापरतो.

"बंद म्हणजे? संकष्टी धरायला लावली काय त्याला?"

"संकष्टी कसली! आता फक्त कच्चं. कोंबडीच्या माना, पाय, मटण, काळीज, गुर्दा. शिजवायचं नाही, मीठ-हळद नाही. त्यांचा थोरला मुलगा आलाय नव्हे ऑस्ट्रेलियाहून, त्यानं घेतलंय हे डोक्यात."

"अगं बाई! ऐन श्रावणात?"

"तेच तर. माणसं महिनाभर दोडका-भेंडी खाताहेत आणि कुत्र्यासमोर रोज सामिष ताट. त्यात गंमत ऐका. कोंबडीच्या माना फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. सोमवारी आजींची बहीण आलेली. उपास सोडायला पानात काहीतरी गोड हवं म्हणून मावशींनी आपणहून डबा काढला, झाकण उघडलं..."

"बास बास, पुढचं सांगू नका ताई." एवढं म्हणून वहिनी क्षणभर थांबल्या. "मग काय झालं?"

"व्हायचंय काय! आजींनी त्या दिवसापासून फ्रीजचं पाणी सोडलं. नवा माठ आणलाय, तो देवघरात ठेवलाय."

"पण खातो तरी किती तो?"

"ब्रूनो ३० किलोचा. वजनाच्या अडीच टक्के रोज, असं त्यांचं गणित आहे. म्हणजे ७५० ग्रॅम. त्याचीही वाटणी ठरलेली: ६०० ग्रॅम मांस, ७५ ग्रॅम हाडं, ७५ ग्रॅम काळीज-गुर्दा, आणि त्यात काळीज निम्म्याच्या वर नाही. ओट्यावर वजनकाटा येऊन बसलाय. सुनेनं आजवर मिठाची चिमूटसुद्धा अंदाजानं टाकली, ती आता कुत्र्याचं गुर्दं ग्रॅमवर मोजतेय."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "महिन्याला साडेबावीस किलो झालं की ओ! ह्याच कोल्हापुरात २०१९ साली मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं. बंगल्यातले अण्णा काही बोलत नाहीत?"

"अण्णा म्हणतात, मला रविवारी मोजून चार फोडी येतात, त्यापेक्षा माझंच नाव ब्रूनो ठेवा."

हसून झाल्यावर वहिनींना मूळ शंका आली. हे खूळ म्हणावं की खरंच काही शास्त्र आहे त्यात? आणि ऑस्ट्रेलियाच का?

त्याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. माझा भाचा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. राखीला आला होता, तेव्हा ओवाळायच्या आधीच त्याला प्रश्न विचारून घेतले होते. इयन बिलिंगहर्स्ट म्हणून ऑस्ट्रेलियातलेच जनावरांचे डॉक्टर. १९९३ साली त्यांनी 'गिव्ह युवर डॉग अ बोन' नावाचं पुस्तक काढलं. कुत्रा मुळात लांडग्याच्या वंशातला, त्याला कच्चं मांस आणि हाडंच मानवतात, पुड्यातलं कोरडं खाणं नको, असं त्यांचं म्हणणं. तिथून हे जगभर पसरलं. २००७ साली अमेरिकेत तयार खाण्यात मेलामाइन सापडलं, मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री-मांजरं दगावली, कंपन्यांना माल बाजारातून परत मागवावा लागला. मग तर पुड्यावरून लोकांचा विश्वासच उडाला. त्यात त्यांचं काय चुकलं? पुड्यावर लिहिलेलं सगळं खरं मानायला आपण तरी कुठे तयार असतो?

"बरोबर आहे की मग त्या पोराचं. लांडगा काय कुकर लावून खातो होय?"

"लांडगा नाही खात. पण ब्रूनो लांडगा आहे का? परवा विजा कडाडल्या तर दिवाणाखाली जाऊन बसला होता."

भाच्यानं सांगितलेलं मी वहिनींना जमेल तसं समजावलं. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून पाहिली. भात-भाकरीतलं पिष्ट पचवायला अमायलेज नावाचा पाचकरस लागतो. तो बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यांत ४ पासून थेट ३० पर्यंत. माणूस शेती करायला लागला, त्याच्या उकिरड्यावर, उंबऱ्यावर कुत्रा वाढला आणि धान्य पचवायला शिकला.

"म्हणजे आपली भाकरी त्याच्या रक्तात आहे म्हणा!" वहिनी खूश. "चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला भरीत-रोडग्याचा घास आम्ही कुत्र्याला घालतो ते उगाच नाही."

"घाला, पण भरतात कांदा-लसूण नको हं. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लसणानंही. आणि भाकरी पचते म्हणून नुसत्या भाकरी-दुधावर कुत्रं ठेवावं असंही नाही. त्यात त्याच्या अंगाला लागेल एवढं मांसच नाही. कितीतरी मोठ्या कुत्र्यांना दूध सोसतही नाही. गावाकडची कुत्री भाकरीवर जगली म्हणतो आपण, पण जी नाही जगली त्यांची नोंद कुणी ठेवली?"

वहिनींचा चेहरा जरा उतरला. त्यांच्या मोत्याचं सकाळचं ताट तेच असतं. पण त्या हार मानणाऱ्यातल्या नाहीत. "ब्रूनोच्या अंगावर तकाकी आलीय हे मात्र मी स्वतः बघितलंय. आणि त्याची शीसुद्धा कमी झाली म्हणतात, वासही येत नाही."

तेही खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. कच्च्या मांसात चरबी भरपूर, त्यानं केस चमकतात. चोथा कमी, म्हणून शी कमी. हाड चघळल्यानं दातांवरचं कीटणही सुटतं. फक्त तेच हाड टणक असलं तर मागची दाढ उभी चिरते, आणि मग भूल देऊन ती काढावी लागते. थोरला सांगतो ते खोटं नाही, अर्धं आहे.

"मग उरलेलं अर्धं काय?"

"वहिनी, तुम्ही चिकन आणलं की आधी काय करता?"

"ओटा धुते. सुरी धुते. हात धुते."

"का?"

वहिनी गप्प. मी सांगितलं, हॉलंडमध्ये कुत्र्यांसाठी विकत मिळणारी ३५ गोठवलेली कच्ची पाकिटं तपासली होती. २०१८ साली ते छापून आलं. ७ पाकिटांत साल्मोनेला निघाला, १९ पाकिटांत लिस्टेरिया. गोठवलं की जंतू मरतात असं आपल्याला वाटतं, पण ते नुसते थिजतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. कुत्र्याला त्यातलं बरंचसं पचून जातं, तो ठणठणीत दिसतो. पण जंतू त्याच्या शीतून पडत राहतात, आणि जेवल्याजेवल्या तो ज्या तोंडानं पातेलं चाटतो त्याच तोंडानं अण्णांच्या रांगत्या नातीचा गाल चाटतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ सालीच सांगून ठेवलंय, कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस घालू नका. ते काही आपल्या आजींसारखे सोवळ्यातले नव्हेत.

"आणि ती शेवटच्या घरातली भानगड?" वहिनींनी आवाज खाली आणला. "पिल्लाची?"

ती मला त्यांच्याकडूनच कळली होती, पण त्यांना ती माझ्या तोंडून ऐकायची होती. शेवटच्या घरात जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, तीन महिन्यांचं. ब्रूनोचं ऐकून त्यांनीही सुरू केलं. पण ह्यांना ना काटा ना हिशेब. हाड घशात अडकेल म्हणून भीती, तेव्हा रोज नुसतं बोनलेस. भरपूर, हवं तेवढं. पोरगं गुटगुटीत दिसायचं. मग एक दिवस सोफ्यावरून उतरलं आणि केकाटत तिथंच बसलं. पाय टेकेना. एक्स-रेमध्ये हाडं कशी दिसत होती म्हणाल तर मांसाच्या सावलीत हरवल्यासारखी फिकट. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून दाखवली, मांडीचं हाड बारीक चिरलेलं.

"एवढं मटण-चिकन खाऊन हाडं ठिसूळ?"

"मांसात फॉस्फरस उदंड, कॅल्शियम नावापुरतं. शरीराला ही दोन्ही साधारण बरोबरीनं लागतात, कॅल्शियम थोडं जास्तच. बाहेरून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. वाढत्या पिल्लाचं तर फारच लवकर."

"बिचारं." वहिनी खरंच कळवळल्या. मग लगेच, "पण मोठ्या गाडीतून फिरवत होते त्याला."

आता मूळ विषय, ज्यासाठी मी भिंतीपाशी आले होते. थोरला निदान शिकलेला आहे, मोजूनमापून घालतो, डॉक्टरांना विचारतो. मला घोर आहे तो त्याचं बघून बाकीच्यांनी सुरू केलेल्या स्वस्तातल्या आवृत्तीचा. मटणाच्या दुकानात सकाळी उभं राहून बघा. "कुत्र्यासाठी काहीतरी द्या" म्हटलं की कसाई कोपऱ्यातलं फुप्फुस, डागाळलेलं काळीज पिशवीत टाकतो, कधी पाच-दहा रुपयांत, कधी फुकट. बकऱ्याच्या त्या फुप्फुसात-काळजात कधी कधी पाण्यानं भरलेले फोड असतात, पांढुरके, टचटचीत. साधं पाणी नव्हे ते. आत फीतकृमीची पिलावळ असते. कुत्र्यानं ते कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात बारीकसे जंत तयार होतात. कुत्र्याला काही होत नाही, शेपूट हलवत फिरतो. अंडी मात्र शीतून बाहेर पडतात, त्याच्या केसांना चिकटतात. आपण त्याला कुरवाळतो, त्याच हातानं शेंगदाणे खातो. मग तेच फोड माणसाच्या यकृतात, फुप्फुसात धरतात. हायडॅटिड म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं कळत नाही, हळूहळू वाढतात, आणि कळतं तेव्हा बऱ्याचदा ऑपरेशनच.

वहिनींनी नकळत पदराला हात पुसले. तेवढ्यात मोत्या येऊन त्यांच्या पायाशी घोटाळायला लागला. त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं की त्यालाच अपराधी वाटलं असावं.

"मग आता ह्याला घालू तरी काय? भाकरी नको म्हणता, कच्चं नको म्हणता."

"भाकरी असू दे. भात असू दे. त्यात उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा भोपळा, गाजर. मीठ-मसाल्याच्या आधी त्याचा वाटा काढायचा. शिजलेलं हाड कधीच नाही, त्याच्या चिपा होऊन आतडं फाटतं. कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड चालते, पण किती ते डॉक्टरांनी वजन बघून सांगायचं. नाहीतर सरळ चांगलं तयार खाणं आणा, त्यात कमीपणा काही नाही."

"आणि कोपऱ्यावर कोण सांगणार?"

"थोरला पुढच्या आठवड्यात परत जातोय. सून आत्तापासून कुकरची शिट्टी शोधतेय."

वहिनी हसत कपड्यांकडे वळल्या. ह्या भिंतीच्या पलीकडे ज्यांची घरं आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं: कच्चं घालायचं की शिजवून, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, भिंतीवर नव्हे. पण दुकानातून फुकट मिळालेलं काळीज-फुप्फुस अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय कुत्र्यासमोर ठेवू नका, आणि त्याचं जंताचं औषध चुकवू नका.