ताप सोलापूरला, थर्मामीटर मुंबईला

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल येतो. महाराष्ट्राची प्रकृती ठणठणीत असल्याचे कळते. मग आम्ही सोलापूरकर आपापली नाडी चाचपतो.

लागत नाही.

2023-24 चे राज्याचे दरडोई उत्पन्न 2 लाख 78 हजार रुपयांच्या वर. म्हणजे पाच माणसांच्या घरात वर्षाला जवळपास चौदा लाख! शहराच्या पूर्व भागात हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला हे सांगून बघा. ती एवढेच विचारेल, ‘मग आमच्या वाटचं उचलतंय कोण?’

जिल्ह्याचे उत्पन्न तरी वेगळे मोजतात ना? मोजतात की! बऱ्याच क्षेत्रांत राज्याचा आकडा घ्यायचा आणि कामगारसंख्येसारख्या ठोकताळ्यांवर जिल्ह्यांना वाटून टाकायचा. शहराच्या नशिबी तेवढाही सोपस्कार नाही. ताप सोलापूरला, थर्मामीटर मुंबईच्या तोंडात.

आणि भागायचे कितीने? शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा शहर साडेनऊ लाखांचे होते. त्यानंतर किती आले, किती गेले? आकडा जुना, आत्मविश्वास ताजा.

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या यादीत सोलापूर देशात नववे आले. शहर स्मार्ट झाले. नळ मात्र वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांनीच बोलायचा. उजनी धरण उशाला, कोरड घशाला.

चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. छातीचे माप दोन इंच वाढले. आता बाजारात जाऊन ‘सोलापुरी’ चादर उलटून बघा. नाव आमचे, माल पानिपतचा, गल्लाही तिकडचाच.

विमानाच्या वाटेत येते म्हणून 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. काही सेकंदांत भुईसपाट. विमान उडायला मात्र 9 जून 2025 उजाडला. ते निघाले गोव्याला.

कापड गिरण्यांच्या चिमण्या त्याच्या कितीतरी आधी थंडावल्या होत्या. त्यासाठी कोणाला सुरुंग लावावा लागला नाही.

तिकडे राज्याला एक लाख कोटी डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचे आहे. मुदत आधी 2025 होती, मग 2028 झाली. निदान तारखेची तरी प्रगती सुरू आहे.

तेव्हा अहवाल राहू द्या. आमचा निर्देशांक साधा आहे आणि फुकट आहे. रविवारी रात्री पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स मोजा.

खिडकीत पोरगा. मांडीवरच्या पिशवीत आईने बांधून दिलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी. त्याला वाढवायचा, शिकवायचा खर्च सोलापूरच्या खात्यावर. त्याचे काम, त्याचा पगार, त्याचे घरभाडे, त्याचा चहासुद्धा पुण्याच्या उत्पन्नात जमा. राज्याच्या बेरजेत काहीच फरक पडत नाही. म्हणून तर राज्य ठणठणीत!

ज्या रविवारी ऐनवेळी खिडकीची जागा मिळेल, त्या रविवारी शहराचा ताप उतरला समजा.

तोवर तिकीट आधीच काढून ठेवा.